करग्रहणाचा अधिकार आणि त्याची मर्यादा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी धर्म, शिक्षण, जीवदया अशा विषयांवर विवेचन व्हावे हे स्वाभाविक आहे. कर हा विषय त्या मानाने रुक्ष. व्यापाऱ्यांच्या सभेत तो निघाला की तक्रारीचा सूर लागतो आणि मंदिराच्या प्रांगणात तर तो निघतच नाही. परंतु ज्या संस्थेने पन्नास वर्षांचा जमाखर्च पै-पैशाने लिहून ठेवला, त्या संस्थेच्या व्यासपीठावर एक प्रश्न विचारला जाणे अप्रस्तुत ठरू नये. सत्तेला दुसऱ्याच्या गल्ल्यात हात घालण्याचा अधिकार कोठून मिळतो, आणि तो हात नेमका कोठे थांबतो?

जामचा चौरस्ता या प्रश्नाचे रोज दर्शन घडवतो. नागपूर, हिंगणघाट-हैदराबाद, वर्धा आणि चंद्रपूर या दिशांचे रस्ते येथे एकत्र येतात. रुईच्या गाठी भरलेला एखादा ट्रक या चौकातून वळतो तेव्हा त्याच्या मालावर आणि चाकांवर किती प्रकारची देणी बसलेली असतात! शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर बाजार समितीचा सेस असतो. त्याच कापसावरचा वस्तू व सेवा कर नोंदणीकृत खरेदीदाराने स्वतःच भरायचा असतो. डिझेलमध्ये केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर असे दोन्ही मिसळलेले असतात, आणि पुढे महामार्गावर टोल नाका असतोच. ट्रकमालकाच्या दृष्टीने हे सारे एकाच खिशातून जाते, म्हणून तो सगळ्यालाच टॅक्स म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र ही देणी एका जातीची नाहीत. काही कर आहेत, काही शुल्क आहेत, आणि या दोहोंतला भेद हा केवळ शब्दांचा नाही. त्या भेदावर खटले लढले गेले आहेत. त्यांतला एक तर जैन मंदिराच्या व्यवस्थापकानेच लढवला. त्याची हकीकत पुढे येईल.

राजाने कर कसा घ्यावा याविषयी भारतीय परंपरेत भ्रमराची उपमा प्रसिद्ध आहे. फुलाला इजा न करता मध घ्यावा, असे महाभारताच्या शांतिपर्वात राजाच्या संदर्भात येते. गंमत अशी की हीच उपमा दशवैकालिक सूत्राच्या पहिल्या अध्ययनात साधूच्या आहारग्रहणासाठी वापरली आहे. साधूची गोचरी आणि राजाचा कर यांना एकच माप लावणारी ही परंपरा विचार करण्याजोगी आहे. दहाव्या शतकातील जैन आचार्य सोमदेवसूरी यांनी ‘नीतिवाक्यामृत’ या ग्रंथात राजाच्या कोशाचा स्वतंत्र विचार केला आहे. म्हणजे राज्याचा खजिना हा विषय जैन चिंतनाला परका नव्हता. मात्र या सर्व उपदेशात एक उणीव होती. राजाने फूल ओरबाडले, तर फुलाने कोणाकडे जायचे, याचे उत्तर त्यात नव्हते. मर्यादा होती, पण ती राजाच्या विवेकात होती.

मर्यादा केवळ सत्ताधाऱ्याच्या विवेकावर सोपवली की काय होते, याचे उदाहरण कापडाच्या धंद्याला दूर शोधावे लागत नाही. ब्रिटिश सरकारने १८९६ पासून हिंदुस्थानातील गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. परदेशी कापडावर आयात जकात बसताच लँकेशायरच्या गिरणीमालकांनी ओरड केली, आणि त्यांचे समाधान व्हावे म्हणून येथील मालावरही बोजा टाकला गेला. हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांतून निघणारे ठाणही त्यातून सुटले नाही. ज्यांच्या कापडावर तो कर होता, त्यांनी निवडलेले कोणीही तो ठरवताना बसलेले नव्हते. तो कर १९२६ मध्ये रद्द होईपर्यंत तीस वर्षे लोटली. त्या तीस वर्षांत त्याविरुद्ध सभा झाल्या, ठराव झाले, अर्ज झाले. मात्र हा कर बसवण्याचा तुम्हाला अधिकारच नाही, असे सरकारला न्यायालयात सांगता येईल असे एकही कलम देशात नव्हते.

ते कलम २६ जानेवारी १९५० रोजी मिळाले. भारतीय संविधानाचे २६५ वे कलम एका ओळीचे आहे. कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही, एवढेच ते सांगते. त्यातील दोन क्रियापदे महत्त्वाची आहेत. कर बसवण्याला कायदा हवा आणि वसूल करण्यालाही कायदा हवा. अधिकाऱ्याचे पत्र, खात्याचे परिपत्रक, समितीचा ठराव, पूर्वापार चालत आलेली वहिवाट यांपैकी एकही एकट्याने पुरेसे नाही. शिवाय तो कायदा करणाऱ्या विधिमंडळाला त्या विषयावर कायदा करण्याचा अधिकार असला पाहिजे आणि तो कायदा संविधानाच्या अन्य कलमांशी विसंगत नसला पाहिजे. 

हे सारे कागदावर वाचताना सोपे वाटते. त्याची खरी परीक्षा जामपासून फार दूर झाली नाही. वर्ध्याहून मुंबईकडे जाणारी गाडी पुलगाव सोडून वर्धा नदीचा पूल ओलांडते आणि अमरावती जिल्ह्यात शिरते. त्या वाटेवरचे धामणगाव हे या कथेचे स्थान.

धामणगाव हा कापसाचा गाव. तेथे भारत कला भांडार नावाच्या कंपनीचा जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना होता. कापसातून सरकी काढून रुई करायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या, हा तिचा व्यवसाय. १९२२ च्या मध्य प्रांत नगरपालिका कायद्याने गावात व्यापार-व्यवसाय करणाऱ्या व्यक्तींवर कर बसवण्याची मुभा नगरपालिकांना दिली होती. त्या मुभेच्या आधारे धामणगावच्या नगरपालिकेने जिनिंग-प्रेसिंगवर कर बसवला, आणि तो किती कापूस पिंजला, किती गाठी बांधल्या, या परिमाणावर आकारला. हंगाम चांगला गेला की कराची रक्कमही वाढे. वरवर पाहता यात अन्याय काहीच नाही. ज्याचा धंदा मोठा त्याने अधिक द्यावे, हे न्यायालाही धरूनच आहे.

अडचण निराळीच होती. संविधानाच्या २७६ व्या कलमाने व्यवसाय कराला एक कमाल मर्यादा घालून दिली होती. एका व्यक्तीकडून एका नगरपालिकेला या सदराखाली वर्षाला २५० रुपयांहून अधिक रक्कम घेता येणार नाही. मिळकतीवरचा कर केंद्राकडे राहावा आणि व्यवसाय कराच्या नावाने स्थानिक संस्थांनी दुसरा आयकर उभारू नये, असा त्यामागचा विचार होता. धामणगावची मागणी या मर्यादेच्या पलीकडे गेली होती. कंपनीने कर भरला आणि नंतर जादा घेतलेली रक्कम परत मिळावी म्हणून दिवाणी दावा लावला.

नगरपालिकेची बाजू दुबळी नव्हती. नगरपालिका कायद्यातच असे कलम होते की कर आकारणीविरुद्ध हरकत घ्यायची तर ती त्या कायद्याने नेमून दिलेल्या मार्गानेच घ्यावी, अन्य ठिकाणी नाही. शिवाय नगरपालिकेविरुद्ध दावा करायचा तर आधी नोटीस आणि ठराविक मुदत, असाही नियम होता. थोडक्यात म्हणणे असे होते की कर चुकीचा असेलही, परंतु तो चुकीचा आहे हे सांगण्याचे हे ठिकाण नव्हे.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६५ मध्ये निर्णय लागला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर यांनी लिहिला. ते अमरावतीचे नामवंत नेते आणि १९१२ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष रावबहादूर रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांचे चिरंजीव. वऱ्हाडच्या गाठींचा हिशेब वऱ्हाडच्याच सुपुत्राने केला, हा एक योग. न्यायमूर्ती रघुवर दयाळ यांचे मत वेगळे पडले. बहुमताचा विचार असा होता की कायद्याने दिलेल्या अधिकाराच्या कक्षेत राहून अधिकाऱ्याकडून आकारणीत चूक झाली, तर त्या कायद्यातील हरकतीचा मार्गच धरावा लागेल. पण संविधानाने जे घेण्याची मनाई केली आहे तेच घेतले असेल, तर ती आकारणीतली चूक राहत नाही. ते अधिकाराबाहेरचे कृत्य होते. अशा कृत्याला नगरपालिका कायद्याखाली केलेले कृत्य म्हणता येत नाही. म्हणून त्या कायद्यातील संरक्षक कलमे, नोटिशीचा नियम आणि मुदतीची अट यांचा आडोसाही त्याला मिळत नाही. कापडाच्या दुकानातील भाषेत सांगायचे तर ठाण मोजताना चार बोटे इकडेतिकडे होणे वेगळे, आणि शेजारच्या दुकानातले ठाण उचलून मोजायला घेणे वेगळे. पहिल्या प्रकरणात मालकाशी बोलून निकाल लागतो. दुसऱ्याला मोजमाप म्हणतच नाहीत.

मर्यादेपलीकडची रक्कम परत मागण्याचा कंपनीचा अधिकार मान्य झाला. सरकारी पावती फाटली की पैसे गेले, ही समजूत व्यापारी वर्गात आजही खोल रुजलेली आहे. धामणगावच्या निकालाने ती समजूत कायद्याच्या पातळीवर तरी मोडून काढली.

तथापि, या निकालावरून फार हुरळून जाण्याचे कारण नाही. न्यायालयाने कर रद्द ठरवला तर विधिमंडळ स्वस्थ बसतेच असे नाही. भडोच नगरपालिकेच्या घरपट्टीचे उदाहरण बोलके आहे. घरपट्टीची आकारणी मिळकतीच्या वार्षिक भाड्याच्या मूल्यावर व्हावी असे कायद्यातील शब्दाचा अर्थ सांगत होता, परंतु काही नगरपालिका ती भांडवली किमतीवर करीत होत्या. न्यायालयाने ही रीत अमान्य केली. त्यावर गुजरातच्या विधिमंडळाने नवा कायदा करून जुनी वसुली पूर्वलक्षी प्रभावाने वैध ठरवली. श्री पृथ्वी कॉटन मिल्सने त्याला आव्हान दिले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला, आणि तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश हिदायतुल्ला हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. ज्या दोषामुळे कर रद्द झाला तो दोष कायदा दुरुस्त करून खरोखर दूर केला असेल, तर विधिमंडळाला मागे जाऊनही वसुली वैध करता येते. पण दोष तसाच ठेवून ‘न्यायालयाचा निकाल आम्हास बंधनकारक नाही’ एवढेच जाहीर करता येत नाही. रेषा आहे, पण ती आखणाऱ्याच्या हातात खडूही आहे आणि पुसणेही, असे कोणी म्हटले तर त्याला सर्वस्वी खोटे ठरवता येणार नाही. धामणगावला हा मार्ग उपलब्ध नव्हता, कारण तेथे आडवे आलेले होते ते संविधान, आणि ते राज्याच्या विधिमंडळाला बदलता येत नाही.

संविधानातील ती २५० रुपयांची मर्यादाही पुढे बदलली, पण बदलण्यासाठी संसदेला घटनादुरुस्ती करावी लागली. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २५०० रुपये झाली. येथे बसलेला प्रत्येक दुकानदार दरवर्षी व्यवसाय कराचे जे २५०० रुपये भरतो, तो आकडा सरकारच्या दयेतून आलेला नाही. त्याच्यावर एक रुपयाही वाढवायचा तर दिल्लीला संविधान उघडावे लागते.

हा व्यवसाय कर महाराष्ट्रात राज्य पातळीवर १९७५ च्या कायद्याने आला. त्यामागे १९७२ च्या दुष्काळाची सावली होती. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने उभी राहिलेली रोजगार हमी योजना चालवायची तर पैसा हवा. तो ज्यांच्या हाताला नियमित काम आहे त्यांनी द्यावा, ही त्या करामागची कल्पना. कायद्यानेच ही रक्कम रोजगार हमी निधीकडे वळवण्याची तरतूद केली. हिंगणघाटच्या कापड दुकानातून गेलेले पैसे समुद्रपूर तालुक्यातील एखाद्या नाल्याच्या बांधावर मजुरीच्या रूपाने उतरावेत, अशी ही योजना होती. कर आणि खर्च यांचे नाते इतके उघडपणे जोडलेले फार थोड्या कायद्यांत आढळते.

आता त्या जैन मंदिराच्या खटल्याकडे वळावे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा. (२०१२ पासून त्याच्या नावात ‘महाराष्ट्र’ आले आहे.) धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, हिशेब तपासणी, बदल अर्ज या साऱ्या गोष्टी विश्वस्तांच्या अंगवळणी पडल्या आहेत, त्या याच कायद्यामुळे. त्याच्या ५८ व्या कलमाने सार्वजनिक न्यासांनी आपल्या उत्पन्नाचा काही हिस्सा वर्गणी म्हणून सरकारने स्थापलेल्या निधीत द्यावा असे ठरवले. पुढे वर्षानुवर्षे विश्वस्तांना परिचित झालेली दोन टक्क्यांची वर्गणी ती हीच. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी यांनी या कायद्याला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयात यश आले नाही म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. मुंबईच्या पारशी पंचायतीच्या विश्वस्तांचेही अपील त्यांच्या जोडीला होते. निकाल १८ मार्च १९५४ रोजी लागला.

प्रश्न असा होता की ही वर्गणी कर आहे की शुल्क? योगायोगाने दोनच दिवस आधी, १६ मार्च रोजी, त्याच न्यायालयाने उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात मद्रासच्या कायद्यातील तशाच वर्गणीला कर ठरवून ती राज्याच्या अधिकाराबाहेरची म्हटली होती. तेथे मठांकडून घेतलेला पैसा राज्याच्या सर्वसाधारण महसुलात जाऊन मिसळत होता. एकदा गंगेला मिळालेले नाल्याचे पाणी वेगळे कोठून काढणार? मुंबईच्या कायद्यात मात्र त्या पैशासाठी सार्वजनिक न्यास प्रशासन निधी हा स्वतंत्र निधी होता आणि त्यातून न्यासांच्या प्रशासनाचाच खर्च व्हायचा होता. देणारा आणि सेवा घेणारा एकाच वर्गातले. म्हणून न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांच्या निकालाने मुंबईची वर्गणी शुल्क म्हणून वैध ठरली. कर म्हणजे सर्वांच्या भल्यासाठी सक्तीने घेतलेला पैसा. त्याच्या मोबदल्यात देणाऱ्याने अमुक सेवा मागावी असे नसते. शुल्क म्हणजे विशिष्ट सेवेसाठी विशिष्ट लोकांकडून घेतलेला पैसा, आणि म्हणून त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. नाव वर्गणी असो, सेस असो वा फी, न्यायालय पाटी वाचत नाही, पैसा कोणत्या पेटीत पडतो ते पाहते.

रतिलालभाई त्या मुद्द्यावर हरले, परंतु रिकाम्या हाताने परतले नाहीत. धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमता येईल, ही तरतूद त्याच निकालात त्या मर्यादेपर्यंत रद्द झाली. न्यासाचा शिल्लक पैसा मूळ हेतू सोडून, लोकहिताला इष्ट वाटेल तिकडे वळवण्याचा व्यापक अधिकारही कायद्यातून गळाला. दात्याने ज्या हेतूने द्रव्य दिले तो हेतू पार पाडणे शक्य असताना त्या द्रव्याला दुसरी वाट दाखवणे हे धर्माच्या व्यवहारात हस्तक्षेप करण्यासारखे आहे, असा त्याचा आशय. देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, जीवदयेचे द्रव्य यांची खाती परस्परांत मिसळू न देण्याची जी शिस्त समाजाने शतकानुशतके पाळली, तिला कायद्याचा आधार मिळाला तो येथे. आजच्या तरुण विश्वस्तांपैकी फार थोड्यांना हे नाव ठाऊक असेल, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

त्या दोन टक्क्यांची पुढची कथाही तितकीच बोधक आहे. दशके लोटली, वर्गणी येत राहिली आणि निधीत प्रशासनाच्या गरजेहून कितीतरी अधिक रक्कम साचली. शुल्क जर सेवेसाठी असेल, तर सेवेच्या खर्चाशी त्याचे काही प्रमाण नको काय? हा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि २००९ साली न्यायालयाने या वर्गणीच्या वसुलीला अंतरिम मनाई केली. ज्या कसोटीवर १९५४ मध्ये ती वर्गणी वाचली, त्याच कसोटीवर ती पंचावन्न वर्षांनी अडली.

हे झाले घेण्याविषयी. खर्चाच्या बाजूला सामान्य माणसाचे लक्ष फारसे जात नाही, आणि हे दुर्लक्ष महागात पडते. रीतसर गोळा झालेला करसुद्धा मंत्र्याला किंवा सचिवाला मनास येईल तसा काढता येत नाही. तो राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो, आणि विधिमंडळाने विनियोजन कायदा संमत केल्याशिवाय त्यातून एक पैसाही बाहेर पडू शकत नाही. अर्थसंकल्पात धरलेले पुरले नाही तर पुरवणी मागण्या आणाव्या लागतात. डिसेंबरात नागपूरला भरणाऱ्या हिवाळी अधिवेशनात त्या दरवर्षी येतात आणि बहुधा फारशी चर्चा न होता मंजूर होतात. जामहून तासा-दीड तासाच्या अंतरावर हजारो कोटींचा निर्णय होत असतो, आणि वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येते ते सभागृहातल्या गोंधळाचे!

विदर्भाच्या दृष्टीने खर्चावरची आणखी एक घटनात्मक मर्यादा फार मोलाची होती. १९५३ च्या नागपूर कराराने दिलेले आश्वासन पुढे संविधानाच्या ३७१(२) कलमात उतरले. विकासखर्चाचे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यात समन्यायी वाटप व्हावे, आणि ती जबाबदारी राष्ट्रपतींच्या आदेशाने राज्यपालांवर टाकता यावी, अशी ही तरतूद. दांडेकर समितीने १९८४ साली राज्याच्या असमतोलाचा अनुशेष मोजला. तो सुमारे ३१८६ कोटी रुपये भरला आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के निघाला. त्यानंतरही दहा वर्षे गेली तेव्हा १९९४ मध्ये विकास मंडळे स्थापन झाली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. मंडळांनी काय साधले यावर मतभेद आहेत. पण कर जेथून येतो आणि खर्च जेथे होतो, त्या दोन टोकांकडे एकाच वेळी बोट दाखवण्याची एक खिडकी त्यांच्यामुळे उघडी होती, एवढे तरी मान्य करावे लागेल.

येथवर राज्याच्या मर्यादांचे बोलणे झाले. ऐकताना व्यापाऱ्याला बरे वाटते. पण तराजूचे दुसरे पारडे त्याच्याच दुकानात आहे.

कापडाच्या व्यापाराला विक्रीकराचा अनुभव उशिरा आला. १९५७ मध्ये केंद्र आणि राज्ये यांच्यात समझोता झाला. कापड, साखर आणि तंबाखू यांवर राज्यांनी विक्रीकर घेऊ नये, त्याऐवजी केंद्राने जादा उत्पादन शुल्क घेऊन त्याचा वाटा राज्यांना द्यावा. त्यामुळे धोतर, लुगडी, ठाणाचे कापड विकणाऱ्या दुकानात पिढ्यान्पिढ्या विक्रीकराचा अधिकारी फिरकलाच नाही. तयार कपड्यांचे दुकान मात्र त्यातून सुटलेले नव्हते. हिंगणघाटसारख्या शहरांच्या वेशीवरची जकात १९९९ साली नगरपालिका क्षेत्रातून गेली, तेव्हा तर निःश्वासच सोडला गेला. मग १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि कापडावर पाच टक्के लागले. सुरतेच्या बाजाराने कित्येक दिवस व्यवहार बंद ठेवले. कराच्या रकमेपेक्षा साठ वर्षांची सवय मोडण्याचे दुःख त्यात अधिक होते, असे आता मागे वळून पाहताना वाटते.

अप्रत्यक्ष करात व्यापारी हा करदाता नसतो. तो केवळ जमा करून पोहोचवणारा असतो. पैसा ग्राहकाचा आणि हक्क राज्याचा, दुकानदार मधला. समजा तो कर पुढे बेकायदेशीर ठरला. धामणगावच्या न्यायाने परतावा मिळायला हवा. पण कोणाला? मफतलाल इंडस्ट्रीजच्या प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने याचे उत्तर दिले. कराचा बोजा ग्राहकावर टाकून झाला असेल तर उत्पादकाला परतावा मागता येणार नाही. जे त्याच्या खिशातून गेलेच नाही ते त्याच्या खिशात परत कसे येईल? त्याआधी १९७७ मध्ये अहमदाबादच्या अजित मिल्सच्या खटल्यात, जो कर देयच नव्हता तो ग्राहकांकडून वसूल करून ठेवणाऱ्या व्यापाऱ्याची ती रक्कम सरकारने जप्त करण्याची तरतूद सात न्यायाधीशांनी वैध ठरवली होती. या दोन्ही निकालांवर टीका झाली. अधिकार नसताना घेतलेला पैसा सरकारने ठेवून घ्यावा, हे धामणगावच्या तत्त्वाशी कसे जुळते, हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याचे पूर्ण समाधान झालेले नाही. परंतु तो पैसा व्यापाऱ्याचा होता, असे म्हणण्याचे धाडस आक्षेप घेणाऱ्यांनाही सहसा होत नाही.

अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. चोराला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, खोटी वजनमापे वापरणे, खऱ्या मालात हलका माल मिसळणे, आणि या चारांच्या सोबत विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन करून व्यवहार करणे. राज्याचे देणे चुकवण्याचा समावेश यातच केला जातो. पर्युषणात प्रतिक्रमण करताना हा शब्द ओठांवरून जातो. बिनबिलाच्या व्यवहाराची आठवण त्या क्षणी किती जणांना होत असेल, हे ज्याचे त्याने जाणावे. राज्याने मर्यादा ओलांडली तर त्याला न्यायालयात नेण्याचा अधिकार या व्रताने काढून घेतलेला नाही. रतिलालभाई न्यायालयात गेले, धामणगावची कंपनी कर भरून मग गेली. कर चुकवून घरी बसण्याला मात्र त्या दोहोंपैकी कोणाचाही दाखला देता येत नाही.

एक ताजे उदाहरण. २२ सप्टेंबर २०२५ रोजी तयार कपड्यांवरचे दर बदलले. २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर पाच टक्के आणि त्याहून महागावर अठरा टक्के कर झाला. आदल्या दिवसापर्यंत दोन हजारांच्या पोशाखावर बारा टक्क्यांनी २४० रुपये कर होता, तो शंभरावर आला. दसरा-दिवाळीचा हंगाम तोंडावर होता. दुकानात जुना माल होता, त्यावर जुन्या दराच्या चिठ्ठ्या होत्या. करकपातीचा लाभ ग्राहकाला न दिल्यास तक्रार करण्याची जी खास व्यवस्था वस्तू व सेवा कर कायद्यात होती, तिने १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारी घेणे बंद केलेले होते. दिवसभर गिऱ्हाईक येत राहिले, पोशाख निवडत राहिले, चिठ्ठीवरचा आकडा पाहून पैसे मोजत राहिले. प्रत्येक पोशाखामागे १४० रुपये त्या दिवशी गल्ल्यावर बसलेल्याच्या हातात होते, आणि त्यांचा जाब विचारायला कोणताही अधिकारी येणार नव्हता.